मॉरिशस : उसाच्या फडातून उभा राहिलेला देश

मॉरिशस म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आणि हनिमूनचं पॅकेज आठवतं. पण या देशाचा इतिहास आपल्या भागातल्या माणसांनी जरूर वाचावा. कारण तो ऊसतोड मजुरांचा इतिहास आहे.

हिंदी महासागरातलं हे बेट. इथे मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं. ऊस त्यांनीच आणला. डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. १७१० मध्ये डच निघून गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून त्यांनी बंदर, रस्ते, मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण मळे फ्रेंच मालकांकडेच ठेवले. म्हणजे राज्य बदललं, मालक तेच राहिले.

१८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. भरपाई कुणाला मिळाली? गुलामांना नाही, मालकांना! साऱ्या साम्राज्यातल्या मालकांसाठी ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड मोजले. गुलामांच्या हाती काहीच पडलं नाही.

मग ऊस तोडणार कोण? उत्तर होतं हिंदुस्थान. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरातून मजूर भरून जहाजं निघू लागली. मुंबईच्या जहाजांत कोकणातली मराठी माणसं होती. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना ५ रुपये पगार. 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. पुढे फोटोचा पास सक्तीचा केला. तो जवळ नसला की तुरुंग. असे जवळपास पाच लाख लोक पोर्ट लुईच्या दगडी पायऱ्या चढून आत गेले. बहुतेक परतले नाहीत. तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

हे सगळं मुकाट्याने सोसलं गेलं असंही नाही. १८७१ मध्ये नऊ हजारांहून जास्त मजुरांनी अर्जावर सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे चौकशी आयोग आला. १९०१ मध्ये गांधीजी तिथे थांबले. १९०७ मध्ये वकील मणिलाल डॉक्टर गेले आणि मजुरांचे खटले लढले. १९३६ मध्ये मजूर पक्ष निघाला. शिवसागर रामगुलाम, म्हणजे एका गिरमिटियाचा मुलगा, १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र देशाचा पहिला पंतप्रधान झाला.

स्वातंत्र्यही सरळ मिळालं नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला गेली. १९६८ च्या जानेवारीत दंगल झाली. हा देश टिकणार नाही असं जाणकार सांगत होते. पण निवडणुका होत राहिल्या, सरकारं मतपेटीतून बदलली, साखरेच्या जोडीला कापड आणि पर्यटन आलं. १९९२ मध्ये प्रजासत्ताक झालं.

एक जखम मात्र राहिली. १९६५ मध्ये इंग्रजांनी ३० लाख पौंड देऊन चागोस बेटं तोडून घेतली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेच्या तळासाठी दिलं. तिथल्या दीड-दोन हजार लोकांना बेटांवरून हुसकावलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. हुसकावलेल्यांची मुलं-नातवंडं मात्र अजून घरी परतायची वाट बघताहेत.

आज तिथली मराठी मंडळी घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवली जाते.

आता आपल्याकडे बघा. दिवाळी झाली की उचल घेतलेले कोयते ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला निघतात. सोबत शाळा सोडलेली पोरं. खाडा पडला की दंड आजही आहे. तिथे मजुराच्या पोराला पंतप्रधान व्हायला सव्वाशे-दीडशे वर्षं नाही, एक पिढी पुरली. कारण तो शाळेत गेला. आपल्या फडावरच्या पोरांची शाळा कुठे आहे, एवढंच यंदा मतं मागायला येणाऱ्यांना विचारा.