गिरडचे खडे : श्रद्धेविषयी इतिहास लिहिताना

आजचा विषय जरा नाजूक आहे. जिथे लोकांची श्रद्धा गुंतलेली असते, त्या गोष्टींचा इतिहास लिहायचा कसा? सत्य सोडायचं नाही आणि विनाकारण कुणाचं मनही दुखवायचं नाही. हे दोन्ही जमतं का? आमच्या मते बहुतेक वेळा जमतं. उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच घेऊ, समुद्रपूर तालुक्यातलं गिरड.

गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे मुसलमान जातात, हिंदूही जातात. या टेकडीवर गोलसर खडे सापडतात. त्यांची कथा चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरातही आली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची टिंगल केली, तेव्हा त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितली. मग बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला आणि ते दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले.

आता भूशास्त्र काय सांगतं? दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली झिओलाइटसारखी खनिजं साचली. खडक झिजला आणि आतले खडे मोकळे झाले. इतिहासकाराने हे लिहायलाच हवं.

पण कसं लिहायचं? एक जण लिहील, ‘अडाणी लोक या दगडांना व्यापाऱ्यांचा माल समजतात.’ दुसरा लिहील, ‘हे खडे झिओलाइटचे आहेत; भाविक त्यांत बाबांच्या कोपाची आणि क्षमेची खूण पाहतात.’ दोन्ही वाक्यांत विज्ञान तेवढंच आहे, बरं का. पहिल्याने माणसांवर एक शेरा जास्तीचा मारला, आणि त्या शेऱ्याला पुरावा काहीच नाही. दगड कसा तयार झाला हा एक प्रश्न. दगड लोकांना काय सांगतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात निघत नाही. कथेचा शेवट पाहा ना, टिंगल करणाऱ्यालाही माल परत मिळतो.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. बाबा फरीद गंजशकर तेराव्या शतकात वारले आणि त्यांची कबर आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टणला आहे. मग गिरडचं काय? सूफी परंपरेत चाळीस दिवसांच्या एकांत साधनेला चिल्ला म्हणतात. बाबांच्या चिल्ल्याच्या जागा अनेक गावांत दाखवतात. तेव्हा सरळ लिहावं: कबर पाकपट्टणला आहे, गिरडला परंपरेने त्यांच्या वास्तव्याची आठवण जपली आहे. यात काही लपवलं नाही आणि कुणाला खोटंही पाडलं नाही.

मात्र हीच फूटपट्टी सगळीकडे लावावी लागते. नामदेव महाराजांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी दाखवतात, तशी पंजाबात घुमानलाही दाखवतात. तिथे आपण ‘परंपरा’ म्हणायचं आणि गिरडला आलो की ‘भाकडकथा’ म्हणायचं, तर लोकांना राग येणारच. आणि तो राग रास्त असतो. गंमत अशी, की नामदेव आणि फरीद या दोघांच्याही नावाची वचनं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

यात हयगय झाली की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात ऐकीव विनोदाच्या आधारावर एक मजकूर आला. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्या ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण ऐकीव गोष्ट पुराव्याच्या पंक्तीला बसवू नये, हा धडा लिहिणाऱ्याने घ्यायचा आहे.

कायदाही हेतू पाहतो. १९२७ साली दंडसंहितेत आलेलं कलम २९५-अ, आणि आज त्याच्या जागी असलेलं न्याय संहितेचं कलम २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाविषयी बोलतं. केवळ अप्रिय सत्य म्हणजे अवमान नव्हे.

इतकं सांभाळूनही कुणी दुखावणार नाही, अशी हमी आम्ही देत नाही. कुणी दुखावलं तर आपलं वाक्य पुन्हा तपासावं. पुरावा कच्चा असेल तर वाक्य काढावं, शेरा असेल तर शेरा काढावा, आणि दोन्ही ठीक असेल तर वाक्य तसंच ठेवावं. आमचा सल्ला एवढाच, की छापण्याआधी आपला परिच्छेद दर्ग्याच्या दाराशी बसलेल्या माणसाला वाचून दाखवता येईल का, हे स्वतःला विचारावं. त्याला तो पटेलच असं नाही, पण वाचताना आपल्याला मान खाली घालावी लागू नये.