३४ नंबर कुणाचा?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एक प्रथा आहे. थोर खेळाडूचा जर्सी क्रमांक त्याचा संघ कायमचा बाजूला ठेवतो. पुढे तो कुणालाच मिळत नाही. याला क्रमांक निवृत्त करणं म्हणतात. पण हा मान नेमका कशासाठी द्यायचा? लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात ३४ क्रमांकावरून हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ लोंबकळत होता.

हा क्रमांक फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचा. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, डावखुरा पिचर. १९८१ च्या हंगामात ठरलेला पिचर जखमी झाला आणि पहिल्याच सामन्यात २० वर्षांच्या फर्नांडोला उतरवलं गेलं. त्याने सुरुवातीचे आठही सामने जिंकले. त्यांतल्या पाचांत समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार आणि सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार, दोन्ही त्यालाच मिळाले.

आता जरा मागे जाऊ. डॉजर्सचं मैदान जिथे आहे, त्या चावेझ रविन भागात पूर्वी मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वस्त्या होत्या. सरकारी घरं बांधायची म्हणून १९५० च्या दशकात शहराने त्या रिकाम्या करायला घेतल्या. घरं झालीच नाहीत. जमीन डॉजर्सकडे गेली. मे १९५९ मध्ये तर जायला नकार देणाऱ्यांना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये तिथे मैदान सुरू झालं. अनेक मेक्सिकन घरांत या संघाबद्दल कडवटपणा राहिला. फर्नांडो आला आणि त्याच समाजातली माणसं कुटुंबासह मैदानावर गर्दी करू लागली.

डॉजर्सचा अलिखित नियम मात्र असा, की ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झालेल्याचाच क्रमांक निवृत्त करायचा. फर्नांडोला तेवढी मतं मिळाली नाहीत. नियमाची बाजूही समजून घेतली पाहिजे. लोकप्रियतेवर मान वाटत सुटलं, तर त्याची किंमत राहत नाही. पण १९७८ मध्ये जिम गिलियमच्या निधनानंतर त्याचा १९ क्रमांक याच संघाने नियम बाजूला ठेवून निवृत्त केला होता.

मला वाटतं, हॉल ऑफ फेम देशभराच्या तुलनेत खेळाडू मोजतो. क्रमांक निवृत्त करताना संघाने स्वतःचा इतिहास बघायला हवा. त्या हिशेबात फर्नांडोचा हक्क पक्का होता. अर्थात, यामुळे उठवलेल्या वस्त्यांची भरपाई झाली असं कुणी समजू नये. तो हिशेब वेगळा आहे.

१९९१ मध्ये त्याला संघातून काढल्यावरही ३४ क्रमांक डॉजर्सच्या दुसऱ्या कुणाला दिला गेला नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो अधिकृतपणे निवृत्त झाला. सोहळ्याला फर्नांडो स्वतः हजर होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तो गेला.