चीक (डुकराच्या पिलांचा)

चीक (डुकराच्या पिलांचा) : डुकरीण व्यायला लागल्यापासून साधारण २४ तास तिच्या कासेतून येणारे दाट, पिवळसर पहिले दूध. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस होतो, त्यामुळे हा पदार्थ घरोघरी ओळखीचा आहे. डुकरिणीचा चीक मात्र पिलांपुरताच असतो आणि तोही सगळ्यांना पुरेलच असे नाही. पिलू जगेल का, आजारांना तोंड देईल का आणि दूध तोडताना किती वजनाचे असेल, हे बऱ्याच अंशी या एका दिवसातल्या पिण्यावर ठरते.

गरज : माणसाच्या बाळाला आईचे प्रतिपिंड गर्भातच वारेतून मिळतात. डुकरिणीच्या वारेत आई व गर्भ यांच्या रक्तप्रवाहांमध्ये पेशींचे सहा थर असतात आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू त्यांतून पार होत नाहीत. परिणामी पिलू जवळजवळ प्रतिपिंडांविना जन्मते. त्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा सज्ज व्हायला काही आठवडे लागतात. दुसरी अडचण उबेची. पिलाच्या अंगावर केस विरळ असतात, शरीरातील मेद जेमतेम १ ते २ टक्के असतो आणि तोही बहुतेक पेशींच्या रचनेत गुंतलेला असतो. उष्णता निर्माण करणारा तपकिरी मेद डुकरात नसतो. यकृत व स्नायूंत साठलेली ग्लायकोजेन ही शर्करा थोडा वेळच पुरते. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला सुमारे ३४° से. तापमान मानवते, तर डुकरिणीला १८ ते २२° से. म्हणूनच ओले पिलू जन्मल्यानंतर अर्ध्या तासातच गारठू लागते.

घटक : सुरुवातीच्या चिकात १५ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात व त्यांतील मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. त्यांत आयजीजी हा प्रकार प्रमुख असतो. पुढच्या दुधात प्रथिने ५ ते ६ टक्क्यांवर येतात, मेद व दुग्धशर्करा वाढतात आणि आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारा आयजीए हा प्रतिपिंड प्रमुख होतो. चिकातील ट्रिप्सिनरोधक घटकामुळे प्रतिपिंड पचून न जाता आतड्यापर्यंत पोचतात. याशिवाय चिकात आतड्याची वाढ चेतवणारे घटक, रिलॅक्सिन हे संप्रेरक आणि आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात. लोह मात्र अत्यल्प असते. त्यामुळे बंदिस्त गोठ्यातील पिलांना पहिल्या काही दिवसांत लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते.

वेळेचे बंधन : पिलाच्या आतड्यातील पेशी प्रतिपिंड जसेच्या तसे शोषून रक्तात सोडतात. ही क्षमता २४ ते ३६ तासांत संपते. दुसरीकडे चिकातील आयजीजीचे प्रमाण पहिले पिलू जन्मल्यानंतर १२ तासांतच निम्म्यावर किंवा त्याखाली येते. वेत कित्येक तास चालते. शेवटचे पिलू बाहेर येईपर्यंत आधीची पिले सडांना लागलेली असतात आणि चीकही पातळ होत असतो. व्याताना चीक जवळजवळ सतत झरतो. नंतर डुकरीण साधारण तासाभराने एकदा पान्हा सोडते व तो काही सेकंदच टिकतो. त्या वेळी सड हाती नसलेले पिलू उपाशी राहते. पिलांचे तीक्ष्ण दात आणि सडासाठीची ढकलाढकल यांत हलक्या वजनाचे पिलू मागे पडते.

वाढीवरील परिणाम : एका पिलाला पहिल्या दिवसात किमान २०० ग्रॅम, शक्यतो २५० ग्रॅम चीक मिळावा, असे मानले जाते. डुकरिणीला सरासरी साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास चीक येतो. तो काहींना दीड किलोग्रॅम, तर काहींना सहा किलोग्रॅमपर्यंतही येतो. पिले जास्त झाली म्हणून चीक वाढत नाही. १४ पिलांना प्रत्येकी २५० ग्रॅम दिले की सरासरी चीक संपतो. त्यापेक्षा मोठ्या वेतात कुणाचा तरी वाटा कमी होतोच. फ्रान्समधील संशोधकांनी ४० वेतांतील ५२६ पिलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २०० ग्रॅमहून कमी चीक प्यालेल्या पिलांपैकी ४३.४ टक्के दूध तोडण्याआधीच मेली. त्याहून अधिक प्यालेल्यांत हे प्रमाण ७.१ टक्के होते. भरपूर चीक प्यालेल्या पिलांचे वजन दूध तोडल्यानंतरही अधिक राहते व त्यांना हगवणीचा धोका कमी असतो. रिलॅक्सिनचा संबंध माद्यांच्या गर्भाशयाच्या वाढीशी जोडला जातो. म्हणजे या पहिल्या दिवसाचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंतही जाऊ शकतात.

मापन : पिलू किती चीक प्याले, हे त्याच्या पहिल्या दिवसातील वजनवाढीवरून गणिताने काढतात. प्रतिपिंडांसाठी ‘इम्युनोक्रिट’ ही सोपी चाचणी आहे. पिलाच्या रक्तरसात अमोनियम सल्फेट मिसळून मिश्रण केशनळीत भरतात व वेगाने फिरवतात. तळाशी साचलेल्या साक्याची उंची एकूण स्तंभाच्या उंचीशी ताडून पाहतात. साका जेमतेम असेल, तर पिलाला चीक कमी मिळाला असे समजतात.

व्यवस्थापन : पिलू जन्मताच कोरडे करून उबेत ठेवतात व अर्ध्या तासाच्या आत सडाला लावतात. वेत मोठे असेल, तर पोट भरलेली दांडगी पिले तास-दीड तास उबदार पेटीत बाजूला ठेवून लहानग्यांना मोकळेपणी लुचू देतात. लुचण्याची ताकद नसलेल्या पिलाला काढलेला चीक जठरनळीने पाजतात. गाईचा चीक ऊर्जा देतो, पण डुकराच्या रोगांविरुद्धचे नेमके प्रतिपिंड त्यात नसतात. हे प्रतिपिंड चिकात उतरावेत म्हणून गाभण डुकरिणीला ई. कोलाय जिवाणूविरुद्ध लस व्यायच्या आधी काही आठवडे देतात. पिलू दुसऱ्या डुकरिणीकडे द्यायचे असल्यास आधी त्याला स्वतःच्या आईचा चीक पुरेसा पिऊ देतात, कारण चिकातील जिवंत पांढऱ्या पेशी पिलाच्या आतड्यातून रक्तात जातात त्या फक्त त्याच्या स्वतःच्या आईच्याच.