रजोनिवृत्ति आणि स्मृति : एका आशेची कसोटी



घरांतील वृद्ध माता नातवंडांचीं नांवें विसरूं लागली, म्हणजे ‘वय झालें’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु स्मृतिभ्रंश हें निव्वळ वार्धक्य नव्हे; ती मेंदूची व्याधि आहे, आणि तिनें ग्रासलेल्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. स्त्रिया अधिक वर्षें जगतात, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण रजोनिवृत्तींत तर नसेल ना, या शंकेचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

बीजकोशांतून स्रवणारें इस्ट्रोजेन पन्नाशीच्या सुमारास ओसरतें. या वर्गांतील एक द्रव्य १९२९ सालीं अमेरिकेंत डॉइझी आणि जर्मनींत बुटेनांट यांनीं स्वतंत्रपणें शुद्ध स्वरूपांत मिळविलें. १९४२ सालीं गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारांत आल्या. हें द्रव्य मेंदूवरही कार्य करतें, असें पुढें दिसून आलें. १९९६ सालीं न्यूयॉर्क येथील ११२४ वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत इस्ट्रोजेन घेतलेल्यांना आल्ट्झायमरचा रोग कमी जडल्याचें आढळलें. साहजिकच मोठी आशा उत्पन्न झाली.

मात्र खरी कसोटी पुढेंच होती. पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या ४५३२ अमेरिकन स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गट पाडण्यांत आले. एका गटास इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची गोळी दिली, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधि गोळी. २००३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या ६१ स्त्रियांपैकीं ४० औषध घेणाऱ्या होत्या, २१ न घेणाऱ्या. संरक्षण दूरच, धोका दुपटीच्या घरांत गेला होता!

मग आधींची पाहणी फसली कशी? आपण होऊन असें औषध घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितींतील व निरोगी असत. परिस्थितीचें श्रेय गोळीला मिळण्याचा संभव तेथेंच होता.

पन्नाशीच्या प्रारंभीं औषध घेतलेल्यांवरील प्रयोगांचे निकाल २०१३ व २०१५ सालीं आले. त्यांत स्मरणशक्तीस हानि दिसली नाहीं, तसा लाभही दिसला नाहीं. उलट, बीजकोश अकालीं काढलेल्या स्त्रियांत हा धोका अधिक असल्याचें २००७ सालच्या एका अमेरिकन पाहणींत आढळलें. तेव्हां मूळ शंका अजून मिटलेली नाहीं.

रजोनिवृत्तींतील दाहादि त्रासांवर ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें अवश्य घ्यावी. स्मृति राखण्यासाठीं म्हणून घेऊं नये. आणि आई विसरूं लागली, तर तिच्यावर न रागावतां तिला वेळेवर डॉक्टरांकडे न्यावें.