पग
सोबतीसाठी पाळली जाणारी कुत्र्याची लहान, गुटगुटीत जात. मूळ चीनमधील, तेथील राजदरबारातला हा लाडका कुत्रा सोळाव्या शतकाच्या सुमारास युरोपात पोहोचला. वजन ६ ते ८ किग्रॅ., केस आखूड, तोंड काळे, कपाळावर सुरकुत्या, शेपटी पाठीवर वेटोळे घातलेली. स्वभाव खेळकर व माणूसवेडा. राखणीला मात्र निरुपयोगी. भारतात २००३ च्या सुमारास ‘हच’ मोबाइल कंपनीच्या जाहिरातींमुळे तो घरोघरी ओळखीचा झाला.

चपटे नाक हेच त्याचे दुखणे. श्वासमार्ग अरुंद असल्याने तो घोरतो, लवकर धापा टाकतो आणि धापा टाकूनही त्याचे अंग पुरेसे थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी फिरवणे किंवा बंद मोटारीत ठेवणे जिवावर बेतू शकते. फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा लावून. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्यात. बटबटीत डोळ्यांना इजा पटकन होते. तो खादाड असतो. वाढलेले वजन श्वास आणखी कोंडते, म्हणून आहार मोजूनच द्यावा. केवळ गोंडस चेहऱ्यासाठी त्याचे नाक पिढ्यान्‌पिढ्या अधिक चपटे करत नेणे हा क्रूरपणाच आहे. पिल्लू घेणाऱ्याने त्याचे आईबाप मोकळा श्वास घेतात का, हे आधी पाहावे.