यादींतील गुंज व थोरली गुंज

शिरूर-दौंडाकडील जुन्या दप्तरांत दागिन्यांची यादी हातीं आल्यास तींतील 'गुंज' कोणती, हें आधीं ठरवावें. शोभेसाठीं लावितात त्या थोरल्या गुंजेच्या वृक्षाचें निखळ तांबडें बीं माळेंत ओंवितात. सोनाराची गुंज वेलीची, तांबडी, काळ्या डोळ्याची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यास ९६ गुंजा. वृक्षाचें बीं सुमारें दुप्पट जड. तें धरिल्यास सोनें कागदावरच दुप्पट होईल! शिरूर तालुक्यांतील इनामगांवच्या उत्खननांत (१९६८-८३) दगडी मणी मिळाले. बियांची माळ मातींत सहसा टिकत नाहीं. तिला आधार कागदाचाच. म्हणून याद्या छापतांना मूळ शब्द व आंकडे जसेच्या तसे द्यावे, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.