इंधनपुरवठा खंडित होणे (नौकेचे डिझेल इंजिन)

टाकीत डिझेल असूनही ते नौकेच्या आत बसवलेल्या, म्हणजेच इनबोर्ड, इंजिनापर्यंत पुरेशा प्रमाणात न पोहोचणे या दोषास इंधनपुरवठा खंडित होणे असे म्हणतात. यात इंजिनाची ताकद कमी होते, त्याचे फेरे वरखाली होऊ लागतात आणि अखेरीस ते बंद पडते. कारागिरांच्या बोलीत 'इंजिनाने हवा धरली' आणि 'फिल्टर चोक झाला' असे दोन प्रयोग रूढ आहेत. ते पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात. वस्तुतः पहिल्यात नळीत हवा शिरलेली असते, तर दुसऱ्यात इंधनाची वाट अडलेली असते. या दोहोंपैकी नेमके काय घडले आहे, हे ठरवणे हीच दोष शोधण्याची पहिली पायरी होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संदर्भ

सातारा जिल्ह्यात कोयना धरणामुळे शिवसागर हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. बामणोली व तापोळा येथून या जलाशयात लाँच चालतात. वासोटा किल्ल्याकडे जाणारे पर्यटक बामणोलीहून लाँचनेच पायथ्याशी पोहोचतात. पर्यटकांना ही सफर वाटत असली, तरी तापोळ्यापलीकडील कांदाटी खोऱ्यातील गावांसाठी बाजार, दवाखाना व शाळा यांचा मार्ग दीर्घकाळ पाण्यावरूनच गेलेला आहे. अशा ठिकाणी मध्यावर इंजिन बंद पडले, तर वाऱ्याबरोबर लाँच आडवी वाहत जाते आणि अंधार पडण्यापूर्वी काठ गाठणे कठीण होते.

सांगली जिल्ह्यात डिझेल इंजिनाची ओळख मुख्यतः शेतीमुळे झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात आहे, आणि कृष्णाकाठी पाणी उपसणारे 'ऑइल इंजिन' दुरुस्त करणारे कारागीर गावोगावी तयार झाले. शेतातील इंजिन आणि लाँचचे इंजिन यांची इंधनव्यवस्था तत्त्वतः सारखीच असते. फरक इतकाच, की शेतातील लहान इंजिनाची टाकी बहुधा इंजिनाच्या वर बसवलेली असते व डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. नौकेत टाकी अनेकदा इंजिनाच्या पातळीखाली असते आणि डिझेल ओढून घ्यावे लागते. शेतावर सहसा न आढळणारे अनेक दोष नौकेत उद्भवतात, ते या एका फरकामुळे.

इंधनाचा मार्ग

टाकीतून निघालेले डिझेल प्रथम पाणी व गाळ वेगळा करणाऱ्या फिल्टरमधून जाते. तेथून फीड पंप ते ओढून बारीक फिल्टरकडे ढकलतो. पुढे इंजेक्शन पंप त्यास उच्च दाब देतो आणि नोझलमधून ते सिलिंडरमध्ये फवारले जाते. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते.

टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग असतो. येथे सांधा सैल असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. त्यामुळे नळी बाहेरून कोरडी दिसते व दोष नजरेतून सुटतो. पंपाच्या पुढील भाग दाबाचा असल्याने तेथील गळती ओलाव्यावरून लगेच कळते. बाहेर थेंबही नसताना इंजिन हवा धरत असेल, तर आधी ओढीच्या बाजूचा संशय घ्यावा.

लक्षणे व कारणे

रिकामे असताना नीट चालणारे इंजिन भार पडताच दम सोडू लागले, तर फिल्टर अंशतः चोक झाल्याची शक्यता अधिक असते. फेरे सारखे चढउतार करत असतील, तर हवा शिरत असावी. काही काळ उत्तम चालून इंजिन मंदावत जात असेल, तर टाकीची श्वासनळी तपासावी. ती बुजल्यास टाकीत निर्वात ओढ निर्माण होते. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताच हवा आत जाण्याचा आवाज येतो आणि इंजिन पूर्ववत चालते. याउलट इंजिन झटक्यात थांबले असेल, तर आधी पंख्यात दोर किंवा जाळे अडकले आहे का, ते पाहावे. काळा धूर हे सहसा इंधन कमी पडल्याचे नव्हे, तर हवा कमी पडल्याचे किंवा भार जास्त झाल्याचे चिन्ह असते.

टाकीतील पाणी हे या दोषाचे जुने मूळ आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते. पंप काठावर नसल्यास डिझेल कॅनमधून आणावे लागते आणि त्याबरोबर पाणी व धूळही येते. पाणी जड असल्याने तळाशी बसते. पाणी व डिझेल जेथे भेटतात त्या थरात जिवाणू व बुरशी वाढून काळपट चिकट साका तयार होतो. त्यास कोणी शेवाळ म्हणतात, परंतु शेवाळाला प्रकाश लागतो आणि टाकीत तो नसतो.

शांत पाण्यात हा साका तळाशी निमूट पडून राहतो. वारा सुटून लाटा उठल्या, की तो ढवळतो आणि एकदम फिल्टरमध्ये ओढला जातो. डिझेल कमी असल्यास हेलकाव्याने ओढनळीचे तोंडही क्षणभर उघडे पडते. महिनोन्‌महिने कुरकुर न करणारे इंजिन नेमके वादळी दिवशी बंद पडते, त्यास अपशकुन मानण्याचे कारण नाही.

दोष शोधण्याची रीत

तपासणी टाकीकडून इंजिनाकडे करावी. बहुसंख्य वेळा दोष स्वस्त भागात असतो. तरीही आधी इंजेक्शन पंप खोलण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यात खर्च व दिवस दोन्ही जातात. डिझेलची पातळी, बंद राहिलेली तोटी आणि श्वासनळी पाहून झाल्यावर पहिल्या फिल्टरच्या तळाचे पाणी काचेच्या बाटलीत काढावे. बाटलीत पाणी खाली व डिझेल वर असे स्पष्ट वेगळे दिसते.

स्टार्टर फिरवताना धुराड्यातून धूर मुळीच येत नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर ते पोहोचते पण जळत नाही. मात्र ज्या नौकांत थंडाव्याचे पाणी धुराड्यात सोडलेले असते, तेथे इंजिन सुरू न होता स्टार्टर वारंवार फिरवल्यास पाणी साचून सिलिंडरमध्ये शिरू शकते. त्यामुळे अशा वेळी पाण्याची तोटी बंद ठेवावी व इंजिन सुरू होताच उघडावी.

संशय उरल्यास स्वच्छ डिझेलचा कॅन थेट फीड पंपाला पारदर्शक नळीने जोडतात. इंजिन आता नीट चालले, तर दोष टाकी, पहिला फिल्टर किंवा मधल्या नळीत आहे हे निश्चित होते. नळीत बुडबुडे दिसत राहिले, तर हवा त्या नळीच्या जोडातून किंवा फीड पंपातूनच शिरत आहे.

हवा काढणे

बारीक फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाचा हातदांडा चालवतात. प्रथम फेस येतो; अखंड डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा. दांड्याला जोर लागत नसेल, तर इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा पाहावे, कारण पंप हलवणारा कॅम वर अडकलेला असू शकतो. त्यानंतर हीच क्रिया इंजेक्शन पंपावर करतात. तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरल्यास तेथूनच हवा शिरण्याची शक्यता असते. जुन्या धर्तीच्या इंजिनांत शेवटी नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर फिरवतात. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात मात्र उच्च दाबाच्या नळ्या कधीही सैल करू नयेत. डिझेलची बारीक चिळकांडी त्वचा भेदून आत जाते; जखम किरकोळ दिसली, तरी ती शस्त्रक्रियेची तातडीची बाब असते.

पुरातील बोटी

कृष्णेच्या २००५ व २०१९ सालच्या महापुरांत सांगली परिसरात बचावासाठी बोटी वापराव्या लागल्या. बचावाच्या रबरी बोटींना सहसा बाहेर टांगलेले पेट्रोल इंजिन असते. त्यांतही तत्त्व तेच आहे. सुटी टाकी असल्यास झाकणावरील हवेचा स्क्रू उघडायचा राहून जाणे, नळीचा जोड पुरता न बसणे आणि हाताने दाबण्याचा रबरी फुगा उलट्या दिशेने जोडणे, या तीन चुका तेथे प्रथम पाहतात. प्रवाहात दुरुस्तीस वेळ मिळत नसल्याने ही तपासणी बोट काठाला बांधलेली असतानाच, इंजिन काही मिनिटे चालवून, पूर्ण करतात.